पहिली-दुसरीच्या वर्गात आपली मुले काय शिकतात?

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा समारंभात पाहुण्याने समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाबद्दल खेद व्यक्त करावा, उच्च शिक्षणाचे महत्त्व सांगावे, डॉक्टर व इंजिनिअर झालेल्या चार माजी विद्यार्थ्यांची नावे घ्यावीत आणि टाळ्यांच्या गजरात खाली बसावे, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. तो मोडण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून आधीच घेतली आहे. प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझा बराच काळ गेला. त्यामुळे मेडिकल कॉलेजच्या दरवाजापेक्षा पहिलीच्या वर्गाचा दरवाजा मला अधिक ओळखीचा आहे. आज मी त्याच दरवाजातून आपणास आत नेणार आहे. पहिली, दुसरी आणि तिसरी या तीन इयत्तांत आपले मूल दिवसभर करते तरी काय, एवढाच माझा विषय आहे.

विषय लहान वाटेल, परंतु पुढे दहावीला गळालेल्या मुलाची वही मागे मागे उलटत गेलात तर पुष्कळदा आपण तिसरीपाशीच येऊन थांबता. 'प्रथम' ही संस्था ग्रामीण भारतात 'असर' नावाची पाहणी करते. २०२४ सालच्या पाहणीत तिसरीतील मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला उतारा नीट वाचू शकणारी मुले सुमारे २७ टक्के आढळली. हातचा घेऊन करावयाची साधी वजाबाकी सुमारे ३४ टक्क्यांना आली. २०२२ साली हेच आकडे अनुक्रमे साडेवीस आणि सव्वीसच्या आसपास होते, म्हणजे सुधारणा आहे. तरीही तिसरीतल्या चार मुलांपैकी जवळजवळ तिघांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. हे आकडे खेड्यांचे आहेत, सोलापूर शहराचे नाहीत, हे मी जाणतो. पण आमच्या शहरात सर्व आलबेल आहे असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या घरातील तिसरीच्या मुलाला वर्तमानपत्राचा मथळा वाचावयास सांगून पाहावे.

आपल्या शाळांत बहुतेक पुस्तके 'बालभारती'ची असतात. २७ जानेवारी १९६७ रोजी हे मंडळ पुण्यास स्थापन झाले आणि मराठीप्रमाणेच उर्दूतही ते पाठ्यपुस्तके काढते. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाने गणितात जे शिकावयाचे, तेच उर्दू माध्यमाच्या मुलानेही शिकावयाचे असते. शाळा उर्दू असली म्हणजे अभ्यासक्रम हलका, हा समज निराधार आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' नावाचे अभियान सुरू केले. त्यात अपेक्षा अशी आहे की पहिलीच्या अखेरीस मुलाने ९९ पर्यंतच्या, दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या आणि तिसरीच्या अखेरीस ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात, आणि तिसरीत मिनिटाला साठ शब्द तरी समजून वाचावेत. 'समजून' हा शब्द मी मुद्दाम उच्चारतो. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता गणितापासून सुरुवात करू.

आपल्यापैकी अनेकांच्या घरातून तक्रार येते, "आमचा मुलगा शाळेत नुसता चिंचोके आणि मणी खेळतो. आम्ही पहिलीत शंभरपर्यंत उजळणी म्हणत होतो." उजळणी म्हणणे आणि संख्या कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखादी चिमुरडी 'वन, टू, थ्री' पासून 'हंड्रेड' पर्यंत एका दमात म्हणून दाखविते, घरातील पाहुणे वाहवा करतात. तिच्यासमोर मूठभर चिंचोके टाका आणि म्हणा, "यातले सात मला दे." बोट एका चिंचोक्यावर आणि तोंड दुसऱ्या आकड्यावर असे झाले, तर ते शंभर आकडे अजून तिच्यासाठी गाण्यासारखे आहेत असे समजावे. गाणे वाईट नव्हे, परंतु ते गणित नव्हे. एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, ही गोष्ट आपणा मोठ्यांना इतकी स्वाभाविक झाली आहे की ती कधी शिकावी लागली होती हेच आपण विसरलो आहोत. वर्गातले चिंचोके याच्यासाठी असतात.

त्यानंतर दहाचा गठ्ठा येतो. दहा काड्या रबराने बांधल्या की एक दशक झाले. ४२ म्हणजे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. आता ४२ मधून १७ वजा करावयाचे आहेत. पुष्कळ मुले ३५ उत्तर लिहितात. ही मुले 'ढ' नसतात. त्यांनी विचार केलेला असतो: दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढू, पाच उरले, चारातून एक गेला, तीन उरले. ज्याने गठ्ठा सोडून पाहिलेला नाही तो असेच करणार. ज्याने पाहिला आहे तो एक गठ्ठा सोडतो, त्याच्यापाशी तीन गठ्ठे व बारा सुट्या काड्या होतात, बारांतून सात काढून पाच उरतात, तिनातून एक गठ्ठा जाऊन दोन राहतात. उत्तर पंचवीस. घरी आपण काय करतो? "वरून एक उसना घे, खोडून तीन कर, पुढे एक लिही," असे ओरडून सांगतो. मूल खोडते, लिहिते, उत्तर बरोबर येते. आठ दिवसांनी ४० मधून १७ वजा करावयास दिले की पुन्हा गाडी अडते, कारण शून्याचे काय करावयाचे ते आपण ओरडून सांगितलेले नसते.

या ठिकाणी मला आपल्या शहरातील मातांना एक गोष्ट सांगावयाची आहे. आपल्यापैकी पुष्कळ भगिनी घरी विड्या वळतात. मजुरी हजारावर मिळते. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधल्या तर चाळीस जुड्यांचे हजार होतात आणि जुडी कमी पडली तर ती पकडणारी नजर या भगिनींपाशी असते. मला सांगा, हे दशक-शतकाचे गणित नव्हे तर काय? ज्या आईने कधी शाळेची पायरी चढली नाही ती ऐंशी विड्या कमी पडल्या की "तीन जुड्या आणि पाच" असे बसल्या जागी सांगते. मुलाला धंद्याला लावू नका, तंबाखूजवळही बसवू नका. परंतु काड्या, चिंचोके, भांड्यांच्या चळती अशा गोष्टींनी हीच मोजणी त्याच्याकडून करवून घेता येते. गणित शिकविण्यासाठी आईला इंग्रजी यावे लागत नाही.

संख्यांच्या नावांची कहाणी मोठी गमतीची आहे. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आणि 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' अशी रीत दिली गेली, तेव्हा राज्यभर केवढा गहजब झाला हे आपणांस आठवत असेल. विधिमंडळातही थट्टा झाली. जुनी नावे रद्द केलेली नव्हती, तरीही मराठी बुडाली असे लेख आले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांना जड जातात, एवढे साधे कारण त्यांनी सांगितले होते. नवी रीत योग्य की अयोग्य यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि मला स्वतःला जुनी नावे टिकावीत असेच वाटते. पण मुलाची अडचण खोटी नव्हती.

ती अडचण अशी. शिक्षक म्हणतात 'पंच्याहत्तर'. मुलाच्या कानावर आधी 'पंच' पडते. तो पाच लिहितो, मग 'सत्तर'चा सात लिहितो. झाले ५७! शिक्षक फुली मारतात. खरे म्हणजे त्याने जे ऐकले तेच प्रामाणिकपणे लिहिले आहे. आपल्या भाषांत एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात. आपल्याच शहरात कन्नड बोलणारा शेजारी एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतो, तेलुगू बोलणारा 'इरवै ओकटि' म्हणतो. दोघेही वीस आधी उच्चारतात व एक नंतर. त्यांच्या मुलांना ही उलटापालट करावी लागत नाही. मराठी आणि उर्दूच्या मुलाला करावी लागते. त्यातही गंमत पाहा. मराठीत ८९ ला 'एकोणनव्वद', म्हणजे नव्वदाला एक कमी. उर्दूत 'नवासी', म्हणजे ऐंशी आणि नऊ. ७९ ला मात्र मराठी 'एकोणऐंशी' आणि उर्दू 'उन्यासी', दोघेही पुढच्या दशकाकडे तोंड करून उभे. आणि ९९ ला मराठीत 'एकोणशंभर' कोणी म्हणत नाही, 'नव्व्याण्णव' म्हणतात. आता बाजारात मराठी, वर्गात उर्दू आणि शिकवणीत इंग्रजी अशा तीन नावांनी एकच संख्या ऐकणारे सात वर्षांचे मूल घुटमळले, तर त्याच्या डोक्यात टपली मारण्याचे कारण नाही. त्याला थोडा वेळ द्यावा, आणि प्रत्येक संख्या तोंडाने म्हणताना गठ्ठे व सुटे समोर मांडावेत.

आजोबा मंडळींसाठी दोन शब्द. आपण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ केली. नातवाला औटकी येत नाही म्हणून हळहळू नये. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ वजने-मापे दशमान झाली, आणे-पै गेले, शेर-छटाक गेले, तेव्हा त्या पाढ्यांचे काम उरले नाही. मात्र भाकरीची चतकोर, अर्धी आणि पाऊण आजही घराघरांत आहे. अपूर्णांक शिकावयाचा तर ताटातून उत्तम शिकता येतो.

गणितावर मी बराच रेंगाळलो. आता वाचनाकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या मुलांच्या अडचणीचे मूळ तेथे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दखनी बोलली जाते. मूल म्हणते, "मेरेकू नक्को." शाळेचे पुस्तक म्हणते, 'मुझे नहीं चाहिए.' काही शिक्षक तेथेच मुलाला टोकतात, वर्गात हशा पिकतो आणि ते मूल पुढचे दोन महिने तोंड उघडत नाही. मला हे फार क्लेशदायक वाटते. 'नक्को' हा शब्द आपल्या पूर्वजांनी याच मातीतून, मराठीच्या 'नको'तून उचलला. दखनीत शतकानुशतके कविता झाली आहे; ती बिघडलेली उर्दू नव्हे. मुलाने 'मेरेकू' म्हटले तर ऐकून घ्यावे, त्याला उत्तर द्यावे आणि आपण 'मुझे' म्हणत राहावे. पुस्तकी बोली आपोआप येते. बोलायचेच थांबलेल्या मुलाला मात्र कोणतीच भाषा येत नाही.

उर्दू शाळेतील मूल पहिलीतच तीन लिप्यांना सामोरे जाते: उर्दू, देवनागरी आणि रोमन. इंग्रजी तर २००० सालापासून राज्यात पहिलीपासूनच आहे, आणि मराठी २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांत अनिवार्य झाली आहे. एक लिपी उजवीकडून डावीकडे जाते, दोन डावीकडून उजवीकडे. आणि उर्दूच्या ओळीत आकडा आला की तो पुन्हा डावीकडून उजवीकडे! उर्दूत बे, पे, ते, टे, से यांचे अंग एकच, फरक डोक्यावरील वा पोटाखालील खुणांचा. शब्दाच्या सुरुवातीस आले की बेचे ते पसरट अंगही जाते आणि लहानसा दात उरतो. अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरे पुढच्या अक्षराचा हात धरीत नाहीत. देवनागरीत ह्रस्व वेलांटी उच्चारात मागून येते आणि लिहिण्यात पुढे उभी राहते. 'र' तर सूर्यात डोक्यावर चढतो, चक्रात पायाशी बसतो. हे सर्व सहा-सात वर्षांच्या मुलाने एका वर्षात पचवावे अशी आपली अपेक्षा असते. २०२५ च्या एप्रिल-जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असावी की नसावी यावरून महाराष्ट्रात वादळ उठले आणि जूनअखेर शासनाने ते निर्णय मागे घेतले. त्या वादात मी शिरत नाही. आपल्या उर्दू शाळांतील पोरे हे ओझे किती वर्षे मुकाट्याने वाहत आली आहेत, एवढेच नमूद करतो.

आता एक प्रश्न, जो अनेक माता विचारतात. "आमचा मुलगा मकतबात नाजरा फर्र वाचतो, उस्ताद त्याची तारीफ करतात. मग शाळेत उर्दूच्या पुस्तकात तो का अडखळतो? आळशीपणा करतो काय?" मुळीच नाही. मकतबातील पाठात प्रत्येक अक्षरावर जबर, जेर, पेश दिलेले असतात. कोठे 'अ', कोठे 'इ', कोठे 'उ' म्हणावयाचे हे डोळ्यांना दिसते. तेथे पहिला उद्देश उच्चार शुद्ध असावा हा आहे आणि मूल तो पूर्ण करते. उर्दूच्या पुस्तकात पहिल्या काही पाठांनंतर ह्या खुणा कमी होत जातात. मग अलिफ आणि सीन एवढेच लिहिलेले असते, ते 'इस' वाचावयाचे की 'उस', हे वाक्याच्या अर्थावरून ठरते. म्हणजे उर्दू वाचण्यासाठी शब्द आधीच माहीत असावा लागतो, अर्थ धरावा लागतो. ज्या मुलाशी घरी कोणी बोलत नाही, गोष्ट सांगत नाही, त्याच्यापाशी शब्दांचा साठा नसतो आणि तो अडखळतो. दोन्ही ठिकाणचे वाचन निरनिराळ्या जातीचे आहे. एकात हुशार म्हणून दुसऱ्यात हुशार, किंवा एकात मागे म्हणून दुसऱ्यात मागे, असा हिशेब करू नये.

मराठी माध्यमात ज्यांची मुले आहेत त्यांच्यासमोर याच्या उलट धोका आहे. देवनागरी दिसते तशी वाचता येते. त्यामुळे दखनी बोलणारे मूल मराठीचा धडा खणखणीत वाचून दाखविते आणि त्याला त्यातले निम्मे समजलेले नसते. शिक्षकही फसतात, पालकही फसतात. पाचवीत विज्ञानाचा धडा आला की उघडे पडते. म्हणून मुलाने वाचून संपविले की पुस्तक मिटवावे आणि विचारावे, "काय झाले त्या गोष्टीत? सांग बघू आपल्या भाषेत." त्याने दखनीत सांगितले तरी चालेल. सांगता आले तर वाचले; नाही तर नुसते उच्चारले.

वर्गात आता क, ख, ग, घ असा क्रम धरून महिनोन्‌महिने अक्षरे घोटवीत नाहीत. अक्षरांचे गट करून, त्यांतून लगेच अर्थाचे शब्द बनवून शिकवितात, म्हणजे मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच काहीतरी वाचल्याचा आनंद मिळतो. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास आपल्या मुलाला 'ज्ञ' येत नाही म्हणून घाबरून शाळेत धावून येऊ नये.

परिसर अभ्यास तिसरीपासून येतो: पाणी, अन्न, आपले गाव, आपला जिल्हा. चौथीत शिवचरित्र. चित्रकला, खेळ आणि कार्यानुभव यांच्या तासांना 'टाइमपास' समजणाऱ्या पालकांना मी एकच आठवण करून देतो. हाताने काम करून शिकावे हा विचार मांडणारी जी समिती १९३७ साली आपल्याच वर्ध्याच्या परिषदेतून निघाली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. पुढे राष्ट्रपती झालेल्या या विद्वानाने लहान मुलांसाठी बकरीची गोष्ट लिहिण्यात कमीपणा मानला नाही. कातरकाम करणारे मूल बोटांना लेखणीसाठी तयार करीत असते.

आता जरा कडू बोलतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवावयाचे आहे. वर्षात एकूण तास ८७६०. म्हणजे शाळेच्या हाती मूल येते ते अकरा तासांतला एक तास. त्यातही लग्न, उरूस, मामाचे गाव, पाहुणे अशी महिन्यातून चार दिवस गैरहजेरी धरली तर वर्षाला चाळीस दिवस गेले, एकपंचमांश शाळा बुडाली. गठ्ठा सोडण्याचा पाठ ज्या दोन दिवसांत झाला नेमके त्याच दोन दिवशी मूल लग्नात होते, तर वजाबाकी कच्ची राहिली यात शिक्षकाचा दोष किती आणि आपला किती, हे आपणच ठरवावे.

आणि मुली. धाकटे भावंड सांभाळावयाचे आहे, अम्मीला विड्यांचा हजार पुरा करावयाचा आहे, म्हणून सात-आठ वर्षांची मुलगी आठवड्यातून दोन दिवस घरी राहते. भाऊ त्याच दिवशी शाळेत जातो. वर्षाच्या शेवटी दोघांच्या वह्या शेजारी ठेवून आपण म्हणतो, "मुलीचे डोकेच चालत नाही." डोके चालते, तिला हजेरी मिळत नाही. गरिबीची मला जाणीव आहे, मी येथे कोणाला उपदेश करून मोकळा होऊ इच्छित नाही. धाकट्या मुलांसाठी मोहल्ल्यातील अंगणवाडी आहे. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात चालू आहे आणि तीन ते सहा वर्षांच्या बालकांना तेथे बसविता येते. सकाळचे ते तास धाकटा तेथे राहिला तर थोरली शाळेत येऊ शकते. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे की शाळेची वेळ आणि अंगणवाडीची वेळ एकमेकींशी जुळतात काय, हे एकदा बसून पाहावे. नव्या इमारतीच्या पायाभरणीइतकेच हे काम मोलाचे आहे.

खाजगी शिकवणीविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. पहिलीच्या मुलाला शिकवणी! शिकवणीच्या बाई गृहपाठ करून देतात, वही सुबक दिसते, शाळेच्या बाई 'छान' असा शेरा देतात, पालक निर्धास्त होतात आणि मुलाला काहीच येत नसते. वहीतली खाडाखोड ही मुलाच्या विचाराची पाऊलवाट असते. ३५ लिहून खोडून २५ केलेले मला कोऱ्या-करकरीत २५ पेक्षा अधिक आवडते. त्या पैशात दर महिन्याला गोष्टीचे एखादे पुस्तक घ्यावे आणि रात्री दादीने ऐकावयास बसावे. दादीला अक्षरओळख नसली तर फारच उत्तम. मग वाचून दाखविण्याचा मान नातवाचा.

इंग्रजी माध्यमाचे काय, असे आपण विचारणारच. मी इंग्रजीच्या विरुद्ध नाही. इंग्रजी उत्तम यावी. परंतु ज्या शाळेत शिक्षिकेलाच इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत आणि मुले फळ्यावरील स्पेलिंगे नुसती उतरवून घेतात, तेथे फी भरून आपण मुलाला उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्हींतून उठवीत असतो. प्रवेश घेण्यापूर्वी अर्धा तास वर्गाच्या बाहेर उभे राहून ऐका. मुलांचा आवाज किती येतो आणि शिक्षकाचा किती, एवढे जरी मोजले तरी निर्णय सोपा होईल.

पूर्वी आपले वडील मुलाला शाळेत घालताना उस्तादांना म्हणत, "गोश्त आपका, हड्डी हमारी." प्रेमाने म्हणत, विश्वासाने म्हणत. आता कायद्यानेच मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे यांना बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. भ्यालेल्या मुलाला उत्तर पाठ होते, समजत नाही. शिक्षक बंधूंनो, आपल्यापुढे तीसऐवजी पन्नास मुले बसविली जातात तेव्हा आपली काय अवस्था होते ते मला ठाऊक आहे. कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असावयास हवा. तो मागण्यात पालकांनी आपल्या बाजूने उभे राहावे. छडी मात्र त्यावरचा उपाय नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बराच वेळ शांत बसलात. तुमच्यासाठी एक काम देतो. आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना ५२ मधून २८ वजा करावयास सांगा आणि विचारा, "दोनातून आठ जात नाहीत, मग तुम्ही काय केले, आणि का केले?" त्यांनी नुसते "उसना घेतला" म्हटले तर काड्यांचा गठ्ठा आणून सोडून दाखवा.

पालकहो, मुख्याध्यापकांनी मेहेरबानी करून सभागृहाच्या डाव्या बाजूच्या टेबलांवर पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वह्या मांडून ठेवल्या आहेत. खाडाखोडीसकट आहेत, त्या मुद्दाम सारख्या करून घेतलेल्या नाहीत. चहापूर्वी आपापल्या मुलाची वही जरूर पाहावी, आणि वर्गशिक्षकांना 'कितवा नंबर आला' हे विचारण्याऐवजी 'त्याला गठ्ठा सोडता येतो काय, आणि वाचलेली गोष्ट सांगता येते काय' हे दोन प्रश्न विचारावेत. वर्गशिक्षक पाच वाजेपर्यंत तेथे थांबणार आहेत.